थांबलेली गाडी झटपट कशी काढावी

विदर्भात गावाच्या पोचरस्त्यावरून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर चढताना, कापसाने भरलेल्या ट्रकांच्या रांगेत मिळणारी मोकळी जागा क्षणभराचीच असते. अशा वेळी गिअरची गाडी न अडखळता काढता आलीच पाहिजे.

जागा दिसू लागताच क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि हँडब्रेक ओढलेला असू द्यावा. पुढचे सारे कसब डाव्या पायाचे आहे. क्लच हळूहळू सोडत गेल्यावर एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटते, तीच पकड. पेट्रोल गाडीत इंजिनाचे मिनिटाला सुमारे १५०० ते २००० फेरे ठेवून (डिझेलला याहून कमी पुरतात) हँडब्रेक सोडावा, डावा पाय क्षणभर तेथेच स्थिर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर वाढवत न्यावा आणि गाडीने वेग धरल्यावरच उरलेला क्लच सोडावा. क्लच झटक्याने सोडल्यास इंजिन बंद पडते, आणि भरधाव वाहनांपुढे आडवी बंद पडलेली गाडी फार धोक्याची असते. अर्ध्या क्लचवर वाट पाहत बसू नये. त्याने क्लच प्लेट जळते.

पावसाळ्यात चाकांखाली काळ्या मातीचा चिखल असेल, तर घाई सोडावी. तेथे पहिल्या गिअरच्या जोराने चाके जागीच फिरून रुततात, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी काढावी.

सरावासाठी आठवडी बाजाराचे रिकामे मैदान उत्तम.