गाडी नसताना वाडा, घाट आणि आमराई : एसटीने वाई, मेणवली आणि लिंब कसं पाहावं

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघायला निघालोय म्हटलं, की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, “गाडी केली का?” मी आजवर एकदाही केलेली नाही. माझ्या घरी गाडी नाही, आणि गेली अनेक वर्षं साताऱ्याकडचे वाडे, नदीघाट, विहिरी मी लालपरीने, वडापने (म्हणजे शेअरच्या जीपने) आणि पायीच पाहत आलो आहे. दर वेळी कुणी ना कुणी “नेमकं कसं जायचं ते लिहून दे” म्हणतं. म्हणून पुण्याहून निघून एका दिवसात वाई आणि मेणवली, एक रात्र हाताशी असेल तर लिंबची विहीर, आणि अजून एक दिवस असेल तर औंध, हे सगळं इथे क्रमाने सांगतो. रीत एकदा कळली की तीच दुसऱ्या कुठल्याही तालुक्याला लावता येते.

१. आधी परतीची गाडी ठरवा

जायची गाडी कशीही मिळते. सकाळी सगळा महाराष्ट्र स्टँडवर असतो. अडचण येते ती संध्याकाळी, आणि तीही लहान गावातून तालुक्याला येताना. गावात शेवटची जी गाडी येते ती पुष्कळदा मुक्कामी असते. रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते, म्हणजे संध्याकाळी ती तुम्हाला परत आणणार नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एकदा मी अंधार पडेपर्यंत एका पारावर बसून होतो. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या काकांनी तालुक्यापर्यंत आणून सोडलं. तेव्हापासून गावात उतरलो की आधी विचारतो, “वाईला जायला शेवटची गाडी कितीची? आणि ती मुक्कामी तर नाही ना?” हे उतरता उतरता कंडक्टरला विचारा आणि मग पारावरच्या एखाद्या आजोबांना पुन्हा विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर लवकरची वेळ खरी धरून चाला.

आरक्षणाच्या ॲपवर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, गावगाड्यांचं मात्र त्यावर सहसा काही कळत नाही. त्यांच्या वेळा स्टँडवरच्या चौकशी खिडकीत मिळतात, किंवा भिंतीवर रंगवलेल्या फलकावर. फलक जुना असू शकतो, म्हणून खिडकीतल्या वाहतूक नियंत्रकालाच विचारा आणि वेळा वहीत उतरवून घ्या.

२. दिवस निवडताना एसटीचं वर्ष लक्षात घ्या

गावगाड्यांच्या वेळा पुष्कळदा शाळा-कॉलेजांच्या वेळांवर बेतलेल्या असतात. मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि रविवारी त्यातल्या काही फेऱ्या धावत नाहीत. आषाढी वारीला ठिकठिकाणच्या आगारांतून गाड्या पंढरपूरकडे जातात, गणपतीत कोकणाकडे. त्या दिवसांत गावाकडची फेरी रद्द झाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. माझ्या मते शनिवार सगळ्यात बरा : शाळा असते, आणि रविवारची महाबळेश्वरची गर्दीही नसते. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, तेही आधीच बघून घ्या.

ऋतूंमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात खरे, पण मेणवलीच्या वरच्या बाजूला धोम धरण आहे आणि पाणी सोडलं की कृष्णा घाटाच्या पायऱ्या गिळते. त्या दिवसांत गेलात तर खालच्या पायऱ्यांवर उतरू नका.

३. गाडी ओळखा

पुण्याहून वाईला जायचं तर स्वारगेट. महाबळेश्वरला जाणारी एसटी सुरूर फाट्याला महामार्ग सोडते, वाईत थांबते आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाते. म्हणजे महाबळेश्वरची पाटी दिसली की ती तुमचीच गाडी. शिवाय थेट वाईच्या गाड्याही आहेत. पुण्यातून बाहेर पडायला लागणारा वेळ धरून अडीच तास हिशोबात ठेवा.

सातारा-कोल्हापूरकडची साधी किंवा जलद गाडी मिळाली तर सुरूर फाट्याला उतरता येतं. तिथून वाई दहाएक किलोमीटर, आणि वडाप मिळतं. सीट भरल्याशिवाय ही जीप हलत नाही, म्हणून घाईत असताना तिच्या भरवशावर राहू नका. विनाथांबा गाडीत मात्र बसू नका, ती फाट्याला थांबणार नाही.

तिकिटाचं थोडक्यात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र मूळ ठेवा. दोनपेक्षा जास्त दिवस फिरणार असाल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. चढा, उतरा, पुन्हा चढा, दर वेळी तिकिटाची चिंता नाही. फाट्याफाट्यावर उतरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं दुसरं काही नाही.

४. वाईत उतरल्यावर लगेच मेणवलीकडे धावू नका

सकाळी साडेसहाच्या सुमाराला स्वारगेट सोडलंत तर नऊपर्यंत वाई. स्टँडवरच स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या, पुढे सोय मिळेलच असं धरू नका. पाण्याची बाटली भरून घ्या. सामान ठेवायची सोय नसते असं समजूनच पाठीवर मावेल एवढंच आणलेलं असावं.

मग पायी गणपती आळीच्या घाटावर. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. बहुतेक माणसं दर्शन घेऊन समोरूनच परत फिरतात. तुम्ही देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली आहे, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. कृष्णेच्या काठावर देऊळ उभं करताना गवंड्यांनी नदीशी केलेला हा करार आहे, आणि तो बघायला पाच मिनिटं पुरतात.

वाईत अशा सात आळ्या आणि त्यांचे घाट आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. थंडी सरत येते तेव्हा घाटाघाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो, तेव्हा गेलात तर भाग्य. घाटांमागच्या गल्ल्यांत जुने वाडे आहेत. त्यांपैकी बऱ्याच घरांत माणसं राहतात. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरू नका. बाहेरून हाक मारा, “मावशी, चौक बघू का जरा?” असं विचारा. नको म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे चला.

५. मेणवली : जाताना चालत जा

वाई ते मेणवली तीन किलोमीटर. रिक्षा मिळते, धोमकडे जाणारी एसटीही असते. तरी माझा आग्रह आहे की एक बाजू चालत जा, शक्यतो जातानाची. पाऊण तास लागतो. एका बाजूला पांडवगड, दुसऱ्या बाजूला पाचगणीचं पठार, मध्ये ऊस आणि वाईची प्रसिद्ध हळद. गाडीत बसून आलेल्याला वाडा एकदम समोर येतो. चालत आलेल्याला आधी खोरं कळतं, नदी कळते, आणि नानांसारख्या चतुर माणसाने हीच जागा का पसंत केली असेल ते डोळ्यांना दिसतं.

रस्त्याला पदपथ नाही. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात, त्या वळताना कडेला थांबा.

साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे म्हणून नाना फडणवीस आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ साली मेणवली गाव त्यांना इनाम दिलं. नानांनी तिथे सहा चौकांचा वाडा, नदीकडे उतरणारा घाट आणि विष्णू व मेणवलेश्वर महादेवाची देवळं उभारली. वाडा आजही खासगी मालकीचा आहे. प्रवेशाचे पैसे रोख लागतात असं धरून सुट्टे जवळ ठेवा. चित्रीकरणासाठी हा परिसर फार मागणीत असतो, ‘स्वदेस’ इथेच चित्रित झाला. त्यामुळे एखाद्या दिवशी काही भाग बंद मिळू शकतो. वाईत रिक्षावाल्यांना विचारलं की आज शूटिंग आहे का ते लगेच कळतं.

आत गेल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्या. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, त्यांना हात लावू नका, टेकू नका. हाताचा घाम लागून रंग जातो आणि तो परत आणता येत नाही. चौकांमधून चालताना वाड्याची व्यवस्था लक्षात घ्या : बाहेरचा माणूस किती आत येऊ शकतो, घरच्यांचा वावर कुठून सुरू होतो. नाना कागद जपणारे गृहस्थ होते. त्यांचं ‘मेणवली दप्तर’ मराठ्यांच्या इतिहासाचं एक मोठं साधन ठरलं, आणि ते या गावाच्या नावाने ओळखलं जातं.

मग मागच्या बाजूने घाटावर उतरा. अर्धचंद्रासारखा वळलेला हा घाट मला वाड्याहून जास्त आवडतो. इथे निदान तासभर बसा. देवळाजवळ एक मोठी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आणि १७०७ हे साल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तशीच. तीन किलोमीटर चालून आल्यावर या घंटेपाशी सावलीत बसणं हा अख्ख्या दिवसातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि त्यासाठीच म्हणतो की दुपारी एकच्या आधी इथे पोहोचा. घाटाचा दगड उन्हात फार तापतो आणि देवळात अनवाणी जावं लागतं.

वेळ उरला तर तसंच पुढे धोम. नृसिंहाचं देऊळ आणि धरणाचा जलाशय. वाईपासून धोम आठेक किलोमीटर, तेव्हा इथे मात्र एसटी किंवा रिक्षाच करा, आणि परतीची वेळ विचारल्याशिवाय उतरू नका.

६. मुक्काम करणार असाल तर : लिंबची विहीर

रात्री वाईत राहा, सकाळी सातारची साधी गाडी धरा. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगा, “लिंब फाट्याला उतरायचंय.” आनेवाडीचा टोलनाका मागे पडला की दाराजवळ या. फाट्यापासून आत दोन-तीन किलोमीटर चाल आहे. एखादा दुचाकीवाला किंवा टेम्पो थांबतो, पण थांबेलच असं नाही.

बारामोटेची विहीर विरुबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधली, आसपासच्या आमराईला पाणी देण्यासाठी. एकावेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलात की विहिरीच्या पोटात बांधलेला छोटा महाल समोर येतो. बाग शिंपायच्या विहिरीत बसायला महाल! पाणी, सावली आणि गारवा यांची किंमत त्या लोकांना किती कळली होती, ते मे महिन्याच्या दुपारी इथे उभं राहिल्यावर समजतं. वर मोटा ओढण्याच्या जागा आहेत, त्या एकेक मोजा. कठड्यावरून वाकू नका, विहीर फार खोल आहे, आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

परत फाट्यावर आलात की पुण्याकडची गाडी पलीकडच्या बाजूला मिळते. महामार्ग धावत ओलांडू नका. सेवा रस्त्याने पुलाखालचा रस्ता गाठा, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

अजून एक दिवस असेल तर साताऱ्याला जाऊन रहिमतपूरमार्गे औंध. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्यांची अस्सल चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प या लहानशा गावात आहे, हे तिथे जाईपर्यंत खरं वाटत नाही. औंधवर वेगळं लिहावं लागेल, एका परिच्छेदात ते बसत नाही.

७. परतताना

वाईहून संध्याकाळी पुण्याला येताना महाबळेश्वरकडून येणाऱ्या गाड्या वाईत भरूनच येतात, सुट्टीच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून वाईहूनच सुटणारी स्वारगेटची गाडी धरा. सकाळी उतरल्याबरोबर तिच्या दुपारनंतरच्या सगळ्या वेळा वहीत लिहून घ्या आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजा. अर्धा तास आधी फलाटावर या. त्या अर्ध्या तासात स्टँडबाहेरून हळद घेता येते. स्वारगेटला किती वाजता पोहोचाल ते घरी कळवून ठेवा, आणि तिथून पुढची पीएमपी बस रात्री कितीपर्यंत आहे ते सकाळी निघतानाच बघून ठेवलेलं असू द्या.