रहस्य, श्रद्धा आणि ओढ यांची एकच गाठ: प्रेमरहस्य कादंबरी लिहिताना

प्रेम आणि रहस्य यांची एकत्र कादंबरी लिहायला बसणारे बहुतेक जण आधी दोन कथानके आखतात, एक गुन्ह्याचे आणि एक प्रेमाचे, आणि श्रद्धेचा विषय एखाद्या वयस्क पात्राच्या तोंडी घालून मोकळे होतात. माझ्या पहिल्या हस्तलिखिताची हीच गत झाली होती. वाचायला दिलेल्या मैत्रिणीने प्रेमाची सगळी प्रकरणे वेगळी काढली, उरलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि ‘ती प्रकरणे नसली तरी काही अडत नाही’ एवढेच म्हणाली. तेव्हापासून मी कथानकाच्या आधी एक गुपित शोधतो, आणि ते असे असावे लागते की ज्यामुळे तपास अडतो, प्रेम अडते आणि मनाची टोचणीही थांबत नाही.

असे गुपित कसे असते, हे ग्रॅहम ग्रीन यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एंड ऑफ द अफेअर’ या कादंबरीत स्पष्ट दिसते. युद्धकाळातील लंडनमध्ये बॉम्ब पडतो, प्रियकर मेला असे समजून नायिका देवाला शब्द देते की तो जगला तर मी त्याला सोडीन, आणि तो जिवंत निघतो. त्याला मात्र यातले काही ठाऊक नसते. ती दुसऱ्या कोणाकडे गेली असावी या संशयाने पुढे तिच्या मागावर खाजगी गुप्तहेर लावला जातो. नवस, विरह आणि तपास या तिन्ही गोष्टी एकाच क्षणातून निघाल्यामुळे त्यांना वेगळे काढताच येत नाही.

आपल्या कादंबरीसाठी अशी गाठ बांधताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: कोण गप्प आहे, आणि त्याला बोलता का येत नाही? समजा, नायिका जुन्या ग्रंथांची बांधणी करणारी आहे आणि तिची बहीण वर्षभरापूर्वी बेपत्ता झाली आहे. बहिणीला शेवटचे पाहणारा माणूस नायकच आहे, पण तिचा ठावठिकाणा कोणालाही सांगणार नाही अशी शपथ त्याने देवासमोर घेतली आहे आणि तो शपथ मानणारा आहे. आता त्याचे मौन वाचकाला संशयास्पद वाटते, नायिकेला जवळ येण्यापासून अडवते आणि त्याला स्वतःला आतून पोखरते. शपथेऐवजी ‘तो भीतीने गप्प आहे’ असे लिहिले, तर पोलीस संरक्षण मिळाले की गोष्ट संपते. श्रद्धेमुळे आलेले मौन बाहेरून कोणाला उघडता येत नाही, म्हणून या प्रकारात श्रद्धा हे कुलूप असावे, सजावट नव्हे.

यानंतर प्रकरणे लिहिण्याआधी गुन्हेगाराचे वेळापत्रक लिहावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण कुठे होते, कोणी काय लपवले. वाचकाला हा कागद कधीच दिसणार नाही, परंतु त्याच्याशिवाय पेरलेले दुवे शेवटी जुळत नाहीत आणि लेखकाला ऐनवेळी नवा खलनायक शोधावा लागतो. (तो शोधलेला आहे हे वाचक हमखास ओळखतो.)

श्रद्धेच्या कथेत एका मोहापासून विशेष जपावे लागते, तो म्हणजे प्रार्थनेतून उत्तर मिळवून देण्याचा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि तरीही १९२९ साली त्यांनी रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले, त्यांत अलौकिक शक्तींना साफ मज्जाव केला. कोणताही योगायोग किंवा अनाकलनीय अंतःस्फूर्ती तपास करणाऱ्याच्या मदतीला येऊ नये, हेही त्यांनी घातले. नायिकेने प्रार्थना जरूर करावी, पण त्यातून तिला दुसरे दार ठोठावण्याचे बळ मिळावे, पुरावा मिळू नये. तिची श्रद्धा उपदेशातून दाखवू नये. घाबरल्यावर तिचे हात काय करतात, खोटे बोलावे लागल्यावर ती रात्री कोणते नेहमीचे शब्द म्हणू शकत नाही, यातून ती दिसावी.

उत्कंठेबाबत रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेले उदाहरण आजही उपयोगी आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा असतो, पण आधीच ठाऊक असेल तर तेच साधे संभाषण पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकले जाते. प्रेमरहस्यात हा बॉम्ब बहुधा नायकाच्या खिशात असतो. त्याच्याबद्दलची एखादी गोष्ट नायिकेच्या आधी वाचकाला कळू द्यावी आणि मग त्या दोघांना एका खोलीत एकत्र आणावे.

ओढीचे प्रसंग लिहिताना लेखक सर्वाधिक घसरतात, कारण तपास तेवढ्यापुरता थांबवून ते प्रणयाकडे वळतात. खरे तर दुवा लपवायला याहून चांगली जागा नाही. वाचकाचे लक्ष दुसरीकडे असते. वरच्याच कथेत बहिणीने मागे ठेवलेल्या ग्रंथाची शिवण कोणीतरी उसवून पुन्हा घातली आहे, आणि तिची गाठ उलट्या बाजूने मारलेली आहे, हे नायिकेने आधी पाहिले आहे असे धरू. मग हा प्रसंग असा लिहिता येईल:

‘बाहीचे तुटलेले बटण तो अंगावरच शिवून देत होता. सुई मनगटाजवळून जाताना तिने श्वास रोखला. त्याच्या बोटांची ऊब कापडातून जाणवत होती. “हलू नका,” तो हळूच म्हणाला. दोरा ओढून त्याने गाठ मारली, डाव्या हाताने, उलट्या बाजूने. तिने हात मागे घेतला नाही.’

शेवटच्या वाक्यावर सारा भार आहे. तिने हात झटकला असता तर तो केवळ शोध ठरला असता. गाठ लक्षातच आली नसती तर केवळ प्रणय. तिला कळले आहे आणि तरीही ती थांबली आहे, आणि याचा जाब ती त्या रात्री स्वतःलाच विचारणार आहे. प्रत्येक जवळिकीनंतर तपासाची स्थिती बदललेली असावी. बदलली नसेल, तर तो प्रसंग कितीही सुरेख उतरला असला तरी मी काढून टाकतो. प्रसंग किती उघडा लिहायचा हे पहिल्या तीन प्रकरणांतच ठरवावे आणि ती पातळी अखेरपर्यंत सांभाळावी. संयमाने चाललेल्या कादंबरीत अचानक आलेला सविस्तर प्रणय वाचकाला परका वाटतो.

शेवट बांधताना आधी रहस्य उलगडावे, मग शपथेचा निकाल लावावा आणि प्रेमाचा निर्णय सर्वांत शेवटी ठेवावा. नायकाने शपथ मोडून सत्य सांगितले तर त्याची किंमत पानावर दिसली पाहिजे. पाळली तर नायिकेने सत्य स्वतःच्या हिकमतीने, त्या उलट्या गाठीच्या आधारे, शोधलेले असले पाहिजे. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो. बहिणीच्या दारात ती एकटी पोहोचते, आणि परत आल्यावर पहिल्यांदाच त्याला काही न विचारता त्याच्यासमोर बसते.