देवकुंडला जाताना ओढ्यावर नजर ठेवा

रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून देवकुंड धबधब्याची वाट निघते. ऐन पावसाळ्यात तिथे बहुधा बंदी असते, त्यामुळे आधी गावात विचारा. पाऊस ओसरल्यावर जाणं उत्तम. धबधबा तेव्हाही भरून कोसळत असतो.

वाटेत ओढे लागतात. खरी भीती त्यांचीच. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर सर आली की पाणी बघता बघता चढतं. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या, की सामान गोळा करत बसू नका, लगेच उंचावर चढा. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा. आणि गावातला वाटाड्या घ्याच, त्याला ओढ्याची नस ठाऊक असते.