डबक्यातलं शहर

नेहमीचा रस्ता शिळा वाटू लागला की सर ओसरल्यावर फोटोसाठी डबकी शोधा. डांबरावरचं डबकं उत्तम. तळ काळा, म्हणून प्रतिबिंब गडद उमटतं. फिकट फरशीवर ते विरतं. मुंबईत सीएसएमटीसमोर संध्याकाळी दिवे लागल्यावर, आकाश अजून निळं असताना, वीतभर पाणीही पुरतं.

मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्यापासून दोन-तीन बोटांवर येईल. उभ्याने काढलात तर डबकं डबक्याएवढंच दिसतं. फोकस पाण्यावर नको, प्रतिबिंबातल्या इमारतीवर. बहुतेक फोटो इथेच फसतात: तरंगणारं पान स्पष्ट, घुमट धूसर. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) -०.७ ते -१ ठेवा, नाहीतर दिवे पांढरे फटक होतात. ओल्या स्क्रीनवर बोट चुकतं, तेव्हा व्हॉल्यूमचं बटण दाबा. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढा. तो प्रतिबिंबच पुसतो.

आता हलू नका. एकाच डबक्यापाशी वीस मिनिटं थांबा: छत्री, हातगाडी, टॅक्सीचा पिवळा टप. चालणाऱ्यांसाठी शटर १/२५० सेकंद हवा. अंधार पडला तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत न्या. टॅक्सी डबक्यातूनच गेली तर पाणी स्थिरावेपर्यंत लेन्स पुसून घ्या. फोटो नंतर उलटा करायचा की नाही, हे घरी ठरवा. आम्ही सहसा करत नाही.