घर खाली करायचं समन्स आलं? वकील करताना या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारच्या काकूंना कोर्टाचं समन्स आलं तर त्यांनी ते देवघरातल्या पंचांगात घालून ठेवलं, म्हणे दिवाळीला मुलगा पुण्याहून येईल तेव्हा पाहील. मुलगा आला तोवर पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, होऊन गेली होती अन् दावा एकतर्फी, म्हणजे काकूंची बाजू न ऐकताच, चालवायचा आदेशही झाला होता. चाळीस वर्षं ज्या घरात काढली त्याची केस, अन् कोर्टात त्यांच्याकडून उभं राहायला कोणीच नाही. ते पाहिलं तेव्हापासून ज्याला त्याला हेच सांगून राहिलोय.

पहिली चूक तर हीच, समन्स हातात पडलं की दिवस मोजणं सुरू होते हे माहीतच नसणं. बेलीफनं, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणाऱ्या कर्मचाऱ्यानं, ज्या तारखेला कागद दिला ती तारीख त्याच्यावर लिहा, फोटो काढा अन् त्याच आठवड्यात वकील पाहा. काही लोक घ्यायलाच नकार देतात, त्यानं काही फायदा नाही, तो दाराला चिकटवून जातो अन् बजावणी झाली असं धरता येते. साध्या दाव्यात लेखी जबाब द्यायला ३० दिवस असतात, कोर्टानं कारण पाहून वाढवले तर ९० पर्यंत. पेशीच्या दिवसापर्यंत वकील मिळालाच नाही तर घरी बसू नका हो, स्वतः जा, नाव पुकारलं की उभे राहा अन् वकील करायला वेळ द्या असा साधा अर्ज द्या. काकू एवढं जरी करत्या तरी तो आदेश झाला नसता.

दुसरी चूक मला सगळ्यात महाग पडणारी वाटते. कागद कुठून आला हे न वाचताच वकिलाला फोनवर सांगायचं की "घर खाली करायची नोटीस आली". अहो, दोन वेगळे रस्ते आहेत. जुनी किरायेदारी असेल तर दावा नागपुरात लघुवाद न्यायालयात चालतो, त्याला सगळे स्मॉल कॉज म्हणतात. पण अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स संपलं अन् तुम्ही निघाला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा केसेससाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो, अन् तिथे केस लढायची परवानगीच आधी मागावी लागते, तीही समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, शपथपत्रावर. ते दिलं नाही तर मालक म्हणतो ते तुम्हाला कबूल आहे असं धरून थेट खाली करायचा आदेश होतो. म्हणून वकिलाला पहिला फोन करतानाच समन्सचे सगळे पानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मागचं पुढचं सगळं.

इतवारी-महालाकडचे जुने लोक अजूनही सांगतात की मालकाला पहिले रेंट कंट्रोलरची, म्हणजे किरायाच्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी घ्यावी लागते, घाबरू नको. ते १९४९ च्या सी.पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डरच्या वेळचं झालं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे अन् मालक थेट दावा टाकू शकतो. या एका ऐकीव गोष्टीच्या भरवशावर लोक महिनाभर गप्प बसतात.

वकील निवडताना "आपल्या ओळखीचा आहे" एवढ्यावर जाऊ नका. माणूस चांगला असेल पण तो आयुष्यभर अ‍ॅक्सिडेंट क्लेम करत आला असेल तर किरायाच्या केसमधले बारकावे त्याला नवीनच. स्पष्ट विचारा की स्मॉल कॉजला तुमचे दावे चालू आहेत का, पेशीला तुम्ही स्वतः याल की ज्युनिअर, फी कशाकशाची, जबाबाची वेगळी अन् उलटतपासाची वेगळी का, अन् ते कागदावर घ्या. "जिंकलो तर घरात हिस्सा द्या" असा सौदा वकिलांना नियमानं चालतच नाही, असं कोणी बोललं तर तिथून उठा. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही.

पैसे नाहीत म्हणून वकीलच न करणं, हे पाहून खरंच जीव तुटतो. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत वकील मिळतो. बाई असेल तर तिचं उत्पन्न पाहत नाहीत, एससी-एसटी अन् दिव्यांगांचंही नाही, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागते. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. काकूंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिथूनच मिळालेल्या वकीलबाईंनी अर्ज करून तो एकतर्फीचा आदेश रद्द करून घेतला, काकूंनी मालकाला थोडा खर्च दिला पण जबाब घेतला गेला.

केस सुरू झाली म्हणून किराया थांबवणं, हेही नको. दावा थकबाकीचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के साधं व्याज अन् दाव्याचा खर्च कोर्टात भरला अन् पुढेही नियमित भरत राहिलं तर त्या कारणावरून घर काढता येत नाही. हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा कारण हे ९० दिवस गेले की गेले.

अन् वकिलापासून काही लपवू नका. मागची खोली दुसऱ्याला दिली होती, भिंत पाडली होती, सहा महिने घर बंद होतं, जे असेल ते, नाहीतर ते उलटतपासात बाहेर येते अन् तुमचा वकीलच गांगरतो. मालकाला स्वतःला राहायला घर पाहिजे असा दावा असेल तर जास्त त्रास कोणाला होईल हे कोर्ट तोलून पाहते, मग घरातलं आजारपण, मुलांची शाळा, दुसरं घर शोधलं पण मिळालं नाही, हे सगळं जबाबात यायला पाहिजे. तुम्ही सांगितलंच नाही तर वकील लिहील कुठून?

मालकांनाही सांगतो, वकील करायच्या आधी रागात लाइट-पाणी तोडू नका, कायद्यात त्याला मनाई आहे. अन् करारनामा रजिस्टर केला नसेल तर ती जबाबदारी तुमचीच धरतात अन् अटींबाबत किरायेदार म्हणेल ते ग्राह्य धरलं जाऊ शकते, तेव्हा ही गोष्ट पहिल्या भेटीतच वकिलासमोर ठेवा.

वकील बदलायचा असेल तर भांडून नाही, जुन्याची ना हरकत घ्या अन् फाइल परत मागा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच सांगितलंय.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाका, अपील ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात. अन् नुसतं अपील टाकलं म्हणजे घर वाचलं असं नाही, स्थगितीचा अर्ज सोबतच लागतो, नाहीतर इकडे अपील पडून असते अन् तिकडे दरखास्तीत, म्हणजे निकाल अमलात आणायच्या कारवाईत, बेलीफ ताबा घ्यायला दारात येतो.