प्रोग्राम चालवण्याआधी त्याच्या वेळेचा अंदाज कसा बांधावा

नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याची आवक भरात असते तेव्हा लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजार समित्यांमध्ये दिवसभर पट्ट्या तयार होत असतात. मालाचे वजन काटापट्टीवर असते आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेली रक्कम हिशोबपट्टीवर असते. एखाद्या समितीला हंगाम संपल्यावर या दोन प्रकारच्या पट्ट्यांचा मेळ घालायचा आहे, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४ लाख नोंदी आहेत आणि त्यासाठी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून तयार आहे, असे समजू. संध्याकाळी तो सुरू केला तर कार्यालय बंद होण्याआधी संपेल की रात्रभर चालेल, हे आधी कळायला हवे, कारण त्यावर उद्याचे सगळे काम अवलंबून आहे. हे कळण्यासाठी प्रोग्राम सुरू करून पडद्याकडे पाहत बसावे लागत नाही. पाव तासाच्या मोजमापातून कामापुरते उत्तर बहुतेक वेळा मिळते आणि ते कसे काढायचे, हे या लेखात मांडले आहे.

प्रोग्राम आधी लहान आकारावर चालवावा, पण एकाच आकारावर चालवून थांबू नये. १,००० नोंदी, मग २,०००, मग ४,०००, मग ८,००० असा आकार दर वेळी दुप्पट करत जावा आणि प्रत्येक वेळ लिहून ठेवावी. आपला प्रोग्राम प्रत्येक काटापट्टी घेऊन सगळ्या हिशोबपट्ट्यांशी ताडून पाहत असेल, म्हणजे लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत लूप असेल, तर साध्या लॅपटॉपवर साधारण अशा वेळा दिसतील : ०.०६३ सेकंद, ०.२२२ सेकंद, ०.८५८ सेकंद आणि ३.४० सेकंद. आता प्रत्येक वेळेला तिच्या आधीच्या वेळेने भागावे. गुणोत्तरे अनुक्रमे ३.५, ३.९ आणि ४.० येतात. पहिले गुणोत्तर थोडे कमी आहे, कारण प्रोग्राम सुरू होण्याचा आणि फाइल उघडण्याचा जो ठरावीक वेळ असतो, तो लहान आकारात डोळ्यांत भरण्याइतका मोठा वाटतो आणि आकार वाढला की त्यात बुडून जातो. म्हणून विश्वास शेवटच्या एक-दोन गुणोत्तरांवर ठेवावा, पहिल्यावर नव्हे.

गुणोत्तर ४ च्या आसपास स्थिरावले, याचा अर्थ नोंदी दुप्पट केल्या की वेळ चौपट होतो, म्हणजेच वेळ नोंदींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८,००० वरून ४,००,००० म्हणजे ५० पट, आणि ५० चा वर्ग २,५००. तेव्हा ३.४० सेकंद गुणिले २,५०० म्हणजे ८,५०० सेकंद, अर्थात सुमारे २ तास २२ मिनिटे. येथे बहुतेकांची चूक होते ती सरळ त्रैराशिक मांडण्याची. नोंदी ५० पट म्हणून वेळही ५० पट, असे धरले तर उत्तर १७० सेकंद येते आणि तीन मिनिटांत संपणारे काम अडीच तास का चालले आहे, हे कुणाला सांगता येत नाही. त्रैराशिक फक्त तेव्हाच चालते, जेव्हा दुप्पट करण्याचे गुणोत्तर २ आलेले असते.

हीच वाढ अभ्यासक्रमात बिग-ओ या नावाने शिकवली जाते. ओ हे चिन्ह जर्मन गणितज्ञ पॉल बाखमान यांनी १८९४ मध्ये संख्यांच्या सिद्धान्तात वापरले, पुढे एडमंड लांडाऊ यांनी ते रूढ केले आणि १९७० च्या दशकात डोनाल्ड क्नूथ यांनी संगणकशास्त्रासाठी त्याची नीट व्याख्या करून दिली. विद्यार्थ्यांना परीक्षेत हे चिन्ह अचूक लिहिता येते, पण त्याचा घड्याळाशी संबंध लावायची सवय त्यांना कुणी लावत नाही, असे मला वाटते आणि त्याची खंतही वाटते. संबंध सोपा आहे. गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर वेळ आकारावर फारसा अवलंबून नाही, २ असेल तर वाढ सरळ आहे, ४ असेल तर वर्गाची, ८ असेल तर घनाची. सॉर्टिंगसारख्या, म्हणजे नोंदी क्रमाने लावण्याच्या कामात ते २ पेक्षा किंचित जास्त येते. १ लाखावरून २ लाखांवर जाताना ते सुमारे २.१ असते आणि व्यवहारात हा फरक मोजमापाच्या चुकीत लपून जातो.

हाती आलेला अंदाज दुसऱ्या वाटेने पडताळून पाहावा. त्यासाठी प्रोग्राम वाचून सर्वांत आतली ओळ किती वेळा चालेल, हे मोजावे. आपल्या उदाहरणात ती ८,००० गुणिले ८,००० म्हणजे ६.४ कोटी वेळा चालली आणि त्याला ३.४ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९ कोटी तुलना झाल्या. पायथॉनच्या साध्या लूपमध्ये सेकंदाला एक ते तीन कोटी छोटी कामे होतात, असे ढोबळमानाने धरता येते, त्यामुळे हा आकडा पटण्यासारखा आहे. सी किंवा सी++ या भाषांत हाच वेग निदान दहा कोटींपासून पुढे धरावा. मोजलेला वेग या ढोबळ आकड्याच्या दहापट कमी आला, तर आतल्या ओळीत काहीतरी जड दडलेले आहे, असे समजावे. कुठे प्रत्येक फेरीत फाइल नव्याने उघडली जात असते, कुठे लांबलचक यादीत दर वेळी पहिल्यापासून शोध घेतला जात असतो. असे शोध एका ओळीत लिहिलेले असतात म्हणून ते एकच काम वाटतात, पण त्या ओळीच्या पोटात आणखी एक लूप असतो आणि मोजताना तो धरावाच लागतो.

अंदाज दोन तासांचा निघाला, की प्रोग्राम सुरू करण्याआधी थोडे थांबून पद्धत बदलता येते का, ते पाहावे. सगळ्या हिशोबपट्ट्या त्यांच्या क्रमांकानुसार एकदाच डिक्शनरीत, म्हणजे क्रमांकावरून नोंद थेट सापडेल अशा रचनेत भरून ठेवल्या आणि मग प्रत्येक काटापट्टीचा क्रमांक तीत शोधला, तर ४ लाख भरणी आणि ४ लाख शोध एवढेच काम उरते. हे मेळ घालण्याचे काम सेकंदाच्या आत होते, उलट फाइल वाचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. अंदाज बांधण्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा हाच आहे : अडीच तास वाट पाहण्याआधी पाच मिनिटांची दुरुस्ती सुचते.

काही कामांत मात्र दुप्पट करून पाहण्याचीसुद्धा सोय नसते. नाशिकहून निघून जिल्ह्यातील उरलेल्या १४ तालुक्यांच्या ठिकाणी एकेकदा जाऊन परत यायचे आहे आणि सर्वांत कमी अंतराचा क्रम शोधायचा आहे, असा प्रोग्राम घ्या. सगळे क्रम तपासायचे म्हटले तर ते सुमारे ८,७१८ कोटी होतात. सेकंदाला १ कोटी क्रम तपासले, असे धरले तरी २ तास २५ मिनिटे लागतील, आणि हे अजून सहन करण्यासारखे आहे. पण त्यात आणखी फक्त पाच गावे घातली, तर त्याच वेगाने ३८५ वर्षे लागतात. अशा प्रोग्रामचा आकार दुपटीने नव्हे, एकेकाने वाढवावा : ८ ठिकाणे, ९, १०, ११. प्रत्येक पायरीला गुणोत्तर स्थिर राहिले तर वाढ घातांकी आहे आणि आपल्या क्रमांच्या उदाहरणाप्रमाणे गुणोत्तरच वाढत गेले, ९ पट, मग १० पट, मग ११ पट, तर ती घातांकीपेक्षाही वेगवान आहे. येथे वेगवान संगणक घेऊन भागत नाही, पद्धतच बदलावी लागते. मायकेल हेल्ड आणि रिचर्ड कार्प यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने १९ गावांसाठी सुमारे १९ कोटी पायऱ्या पुरतात, म्हणजे सेकंदाला १ कोटीच्या हिशेबाने जवळजवळ १९ सेकंद.

मोजमाप कसे घ्यावे, याबद्दल थोडे. प्रत्येक आकारावर प्रोग्राम पाच-सहा वेळा चालवावा आणि मधली वेळ घ्यावी, सरासरी नको, कारण मध्येच अपडेट सुरू झाले तर एक वेडीवाकडी वेळ सरासरी बिघडवते. पहिली वेळ बहुधा जास्त येते, कारण फाइल डिस्कवरून येते, आणि दुसऱ्या वेळेपासून ती मेमरीत तयार असते. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी फाइल डिस्कवरूनच येणार असेल, तर ती पहिली वेळ टाकून देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या उन्हात बंद खोलीत चाललेला लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, तसेच चार्जर काढला की बॅटरी वाचवण्यासाठीही कित्येक लॅपटॉप मंदावतात. म्हणून लांबलचक कामाचा अंदाज तीन सेकंदांच्या मोजमापावर न बांधता, निदान दहा मिनिटे चाललेल्या मोजमापावर एकदा तपासून घ्यावा.

नमुना कसा निवडला, यालाही तितकेच महत्त्व आहे. फाइलमधल्या पहिल्या ८,००० ओळी उचलल्या, तर त्या हंगामाच्या सुरुवातीच्या असतात आणि तारखेनुसार आधीच लावलेल्या असतात. पायथॉनचे सॉर्टिंग २००२ पासून टिमसॉर्ट या पद्धतीने होते आणि आधीच क्रमाने लावलेली यादी ही पद्धत एका फेरीत ओळखते. अशा नमुन्यावर मोजलेली वेळ फसवी असते, खऱ्या विस्कळीत फाइलवर ती कितीतरी जास्त लागते. नमुना सगळ्या फाइलमधून विखुरलेला घ्यावा.

घड्याळाची वेळ आणि प्रोसेसरची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्स या संगणकप्रणालीवर टाइम ही आज्ञा रिअल (घड्याळाची वेळ), युजर (प्रोसेसरने प्रोग्रामसाठी दिलेली वेळ) आणि सिस (प्रोग्रामच्या वतीने प्रणालीने वापरलेली प्रोसेसरची वेळ) अशा तीन ओळी दाखवते. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावर) चालणाऱ्या प्रोग्रामची रिअल वेळ युजर आणि सिस यांच्या बेरजेपेक्षा खूप जास्त असेल, तर तो काम कमी करतो आहे आणि वाट जास्त पाहतो आहे. नाशिकहून अमेरिकेतल्या सर्व्हरकडे प्रश्न जाऊन उत्तर परत यायला ढोबळमानाने सेकंदाचा पाचवा भाग किंवा त्याहून जास्त लागतो. १०,००० शेतकऱ्यांच्या नोंदींसाठी एकापाठोपाठ एक असे १०,००० प्रश्न विचारले, तर फक्त वाट पाहण्यातच २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटे जातात. येथे तुलनांची संख्या मोजणे व्यर्थ आहे, फेऱ्यांची संख्या मोजावी आणि एका फेरीत शंभर नोंदी पाठवता येतील का, ते पाहावे.

मेमरीचाही हिशेब वेळेबरोबरच करावा. लहान आकारांवर प्रोग्रामने किती मेमरी घेतली, ते पाहून पूर्ण आकाराला किती लागेल, ते काढावे. ती संगणकाच्या मेमरीपेक्षा जास्त निघाली, तर वर मांडलेले सगळे गणित कोसळते, कारण डेटा डिस्कवर ये-जा करू लागतो, आणि मेमरीतून जे नॅनोसेकंदांत येते, त्याला डिस्कवरून मायक्रोसेकंद किंवा मिलिसेकंद लागतात. गुणोत्तर ४ वर असताना एकदम २० झाले, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

काम चार कोअरवर वाटले म्हणजे वेळ चौथाई होईल, असेही धरू नये. जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेला हिशेब असा : कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल आणि २० टक्के एकामागून एकच होणार असेल, तर चार कोअरवर वेग जास्तीत जास्त अडीच पट वाढतो, कोअर कितीही वाढवले तरी पाच पटींच्या पुढे जात नाही.

प्रोग्राम चालू असताना तो किती पुढे गेला आहे, हे छापण्याची सोय ठेवावी, पण त्या आकड्याचा अर्थ नीट लावावा. एकच पट्टी दोनदा नोंदली गेली आहे का, हे शोधण्यासाठी प्रोग्राम प्रत्येक पट्टीची तुलना तिच्या आधीच्या सगळ्या पट्ट्यांशी करत असेल, तर २ लाखावी पट्टी झाली तेव्हा निम्म्या पट्ट्या झालेल्या असतात, पण काम फक्त एक चतुर्थांश झालेले असते. आतापर्यंत वीस मिनिटे लागली असतील, तर उरलेली वीस नव्हेत, साठ असतात. म्हणून प्रगती पट्ट्यांत न छापता झालेल्या तुलनांच्या टक्केवारीत छापावी.

एखादा प्रोग्राम मुळात थांबेल की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. रोजच्या कामातल्या प्रोग्रामना त्याची झळ सहसा लागत नाही. उत्तर पुरेसे जवळ येईपर्यंत फिरणारा लूप असेल तेव्हा मात्र फेऱ्यांची कमाल मर्यादा आपणच घालावी, म्हणजे अंदाजाला वरची हद्द मिळते.

अंदाज दुसऱ्याला सांगताना एकच आकडा सांगू नये. हिशेबाने २ तास २२ मिनिटे आली असतील, तर सचिवांना “दोन ते चार तास लागतील, सकाळी कार्यालय उघडताना यादी तयार असेल” असे सांगावे. तासाभरापेक्षा लांब कामात दर दहा-पंधरा मिनिटांनी झालेला निकाल फाइलमध्ये साठवत राहावे, म्हणजे मध्ये वीज गेली तरी तेवढेच काम पुन्हा करावे लागते. काम सुरू करण्याआधी एका वहीत तारीख, आकार, अंदाज आणि अंदाजाचे कारण लिहावे, संपल्यावर शेजारी खरी वेळ लिहावी. दोन्हींत दुपटीपेक्षा जास्त तफावत दिसली, तर ती नमुन्यामुळे, मेमरीमुळे की वाट पाहण्यामुळे आली, हे त्याच दिवशी शोधून त्याच ओळीत नोंदवावे.