डिस्ने वर्ल्डला आई-बाबांना नेताना: स्वीट घ्यावा की क्लब लेव्हल?

भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन सहली ठरलेल्या असतात, नायगारा आणि डिस्ने वर्ल्ड. नायगारा एका रात्रीत उरकतो. ऑर्लँडोजवळच्या डिस्नेला मात्र चार-पाच रात्री लागतात, माणसं सहा असतात आणि हॉटेल शोधायला बसलं की खोल्यांचे इतके प्रकार समोर येतात की शेवटी माणूस कंटाळून म्हणतो, "जाऊ दे, भारीतलं घेऊन टाकू."

आम्ही एकदा तसंच केलं. क्लब लेव्हलची, म्हणजे खाण्यापिण्याच्या लाउंजचा प्रवेश धरलेली खोली घेतली. पाच दिवसांत त्या लाउंजमध्ये आईने तीन केळी, दोन वाट्या दही आणि रोज एक कप कोमट चहा घेतला. एका संध्याकाळी आवडीने वाढून घेतलेलं सूप चिकनच्या पाण्यातलं निघालं. हॉटेल कोणतं ते सोडा. विचारलं नाही ही चूक आमचीच. पण त्या बिलानंतर मी वही काढून बसलो, आणि पुढच्या खेपेपासून खालच्या क्रमानेच जातो.

आधी माणसं मोजा, मग खोल्या बघा

नुसता आकडा पुरत नाही. पहाटे पाचला कोण उठतं, कोण घोरतं, रात्री दोनदा बाथरूमला कोणाला जावं लागतं, गुडघे कोणाचे दुखतात, हे लिहून काढा. तीन वर्षांखालचं मूल खोलीच्या क्षमतेत धरत नाहीत. तिकिटासाठी मात्र दहाव्या वर्षापासून पोर मोठ्यांत जमा होतं. साध्या खोलीत दोनपेक्षा जास्त प्रौढ असतील तर दर माणशी, दर रात्री जादा आकार लागतो. तो पहिल्या दिसणाऱ्या दरात धरलेला नसतो, म्हणून शोधतानाच सगळ्यांची वयं खरी भरा.

दार कुठे आहे ते बघा

स्वीट म्हणजे आलिशान हा आपला समज. (उच्चार गोडाचाच असला तरी.) तुमच्या कामाची गोष्ट एकच, मध्ये बंद होणारं दार आणि दुसरं बाथरूम. ते स्वस्तातल्या हॉटेलातही मिळतं. २०१२ साली उघडलेल्या आर्ट ऑफ ॲनिमेशनमधले फॅमिली स्वीट सुमारे ५६५ चौरस फुटांचे आहेत. सहा जण झोपतात, बाथरूम दोन, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. हे हॉटेल डिस्नेच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे व्हॅल्यू श्रेणीतलं. ऑल-स्टार म्युझिकमध्येही सहा जणांचे, दोन बाथरूमचे स्वीट आहेत. पण दार लागणारी खोली एकच असते, बाकीचे बाहेर सोफ्यावर आणि टेबल पाडून होणाऱ्या पलंगावर. आतली खोली आई-बाबांना द्यायची हे घरूनच ठरवा. सोफा-कम-बेडवर एक रात्र काढलेला सत्तरीतला माणूस दुसऱ्या दिवशी पार्कात चालत नाही.

पुढचा टप्पा व्हिलांचा. डिस्ने व्हेकेशन क्लब ही डिस्नेची सभासद योजना, सभासद दरवर्षी मिळणाऱ्या पॉइंटांवर तिथे राहतात (क्लब लेव्हलशी याचा संबंध नाही). तिच्या एक बेडरूमच्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर असतं: शेगडी, मोठा फ्रिज, भांडी, डिशवॉशर. शिवाय आत कपडे धुवायचं आणि वाळवायचं मशीन. फ्लोरिडाच्या घामात ते मशीन लाउंजपेक्षा मोलाचं. पण "एक बेडरूम" या एका नावाखाली बरंच काही खपतं. बऱ्याच ठिकाणी बाथरूम एकच असतं. ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आणि कंटेम्पररी हॉटेलला लागून असलेल्या बे लेक टॉवरमध्ये एक बेडरूमलाही दोन बाथरूम आहेत. ओल्ड की वेस्टचं एक बेडरूम तर ९४२ चौरस फूट, आमचा डोंबिवलीचा फ्लॅट लाजेल एवढं. पण तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही. गुडघ्यांची यादी केली होती ना, ती इथे उपयोगी पडते.

कुकर घरून न्या, तेवढा तिथे नसतो. ऑर्लँडोत भारतीय किराणा मिळतो. फोडणी मात्र एक्झॉस्ट लावून, तेल फार न तापवता. स्मोक अलार्मला मोहरी कळत नाही.

मग क्लब लेव्हलचा हिशेब

क्लब लेव्हल म्हणजे निवडक हॉटेलांत ठरावीक खोल्यांबरोबर मिळणारा लाउंजचा प्रवेश. सकाळी नाश्ता, दुपारी खाऊ, संध्याकाळी चटरपटर आणि वाइन-बिअर, रात्री गोड. शिवाय बेत आखायला मदत करणारी माणसं. बहुतेक डिलक्स, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या हॉटेलांत ही सोय आहे. कॉरोनाडो स्प्रिंग्जमध्येही आहे आणि ते मधल्या, म्हणजे मॉडरेट श्रेणीतलं, त्यामुळे हौसच असेल तर दर तिथून बघायला सुरुवात करा.

लोक या जादा पैशांत जे मिळेल असं समजतात, त्यातलं बरंच आधीच मिळालेलं असतं. अर्धा तास आधी पार्कात प्रवेश डिस्नेच्या प्रत्येक हॉटेलातल्या पाहुण्याला आहे, अगदी सगळ्यात स्वस्त खोलीलाही. लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय, सात दिवस आधी घेता येते तीही डिस्नेच्या हॉटेलांतल्या सगळ्यांना. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. काही ठरावीक रात्री पार्क उशिरापर्यंत उघडं ठेवतात, तो लाभ डिलक्स आणि व्हिलावाल्यांना मिळतो, क्लबवाल्यांना वेगळा नाही. रेस्टॉरंटची टेबलं ६० दिवस आधी खुली होतात, तीही सगळ्यांसाठी.

उरलं काय? खाणं आणि बसायची जागा. तेव्हा घड्याळ लावून बघा. नाश्ता सकाळी सातच्या सुमाराला लागतो. मॅजिक किंगडम पार्क नऊला उघडणार असेल तर तुमचा अर्धा तास साडेआठला सुरू होतो, म्हणजे साडेसातला तुम्ही दाराबाहेर. नाश्त्याला हातात वीस मिनिटं, त्यातली दहा मुलांचे बूट शोधण्यात. संध्याकाळी तुम्ही पार्कात, आणि आतषबाजी बघून परतेपर्यंत गोडाची वेळ संपत आलेली.

समजा साध्या खोलीत आणि क्लबमध्ये रात्रीचा फरक २५० डॉलर आहे. त्यावर साडेबारा टक्के कर. झाले साधारण २८१. पाच रात्रींचे १,४०० च्या वर. चौघांत वाटले तर माणशी दिवसाला ७० डॉलर, केळ्या-दह्याचे. साइटवर तुमच्या तारखांचा खरा फरक बघा आणि हाच गुणाकार करा.

तरी क्लब घ्यावा अशी एक वेळ असते. आई-बाबा रोज अर्धाच दिवस पार्कात येणार आणि बाकीचा वेळ हॉटेलात काढणार असतील, तर ती बसायची, खायची, गार जागा त्यांना सोन्यासारखी. उन्हाळ्यात दुपारी पाऊस गडगडत येतो तेव्हा तर जास्तच. पण घेण्याआधी फोन करून विचारा: संध्याकाळच्या पदार्थांत अंडं-मांस नसलेलं रोज काय असतं? सूप कशाच्या पाण्यातलं? गरम दूध मिळतं का? "व्हेजिटेरियन ऑप्शन्स आहेत" या उत्तरावर थांबू नका, पदार्थांची नावं घ्या.

फरकाचे पैसे जागेत घाला

मी हे पैसे दोन गोष्टींत घालतो. एक, जवळ असणं. कंटेम्पररी आणि बे लेक टॉवरमधून मॅजिक किंगडमला चालत जाता येतं. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियनला मोनोरेल आहे. बोर्डवॉक, यॉट क्लब, बीच क्लबमधून एपकॉट पार्कचं मागचं दार चालत गाठता येतं. दुपारी परतून दोन तास आडवं होणं ज्यांना गरजेचं, त्यांना हे अंतर म्हणजेच सहल.

दुसरी, खिडकी. किडानीत सवाना व्ह्यू, म्हणजे प्राण्यांच्या कुरणाकडची खोली घेतलीत तर बाल्कनीखाली जिराफ फिरतात. बाबा पहाटे पाचला उठणारे. शाल गुंडाळून, स्वतः उकळलेला आल्याचा चहा घेऊन ते तिथे बसले. दीड तासाने मी उठलो तर म्हणाले, "अरे हळू बोल, तो पाला खातोय." त्याच इमारतीत सना नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे नान-पापडांबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणच्यांची थाळी येते आणि खिडकीबाहेर झेब्रे. तोटाही सांगतो: हे हॉटेल आडबाजूला आहे, पार्कांना जायला बसच.

बुकिंग करताना

व्हिला स्वस्तात हवा असेल तर डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सभासदाकडून त्याचे पॉइंट भाड्याने घ्या, बरेचदा थेट दरापेक्षा कमी पडतं. सभासदाला स्वतःच्या रिसॉर्टमध्ये ११ महिने आधी आणि इतरत्र ७ महिने आधी बुकिंग करता येतं, म्हणून लवकर सुरुवात करा. पण असे व्यवहार बहुधा रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. आई-बाबांच्या पासपोर्टवर व्हिसा उमटल्याशिवाय त्यात पडू नका. तोवर डिस्नेच्याच साइटवर रद्द करता येणारी नुसती खोली धरून ठेवा आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका.

फुकटच्या अपग्रेडच्या आशेवर राहू नका. तिथे ते फार क्वचित होतं. खालचा मजला, लिफ्टजवळची खोली, बसून अंघोळीची सोय हे सगळं ऑनलाइन चेक-इनमध्ये लिहा आणि आठवडाभर आधी फोनवर परत सांगा. शब्द कोणी देत नाही, पण सांगितलेलं बरेचदा पाळतात. पोचल्यावर काउंटरवर विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: "आज वरच्या प्रकारातली खोली शिल्लक आहे का, आणि फरक किती?" आकडा ऐकलात की रात्रींनी गुणा, कर लावा, मग आईकडे बघा. ती बहुतेक बॅगेवर बसलेली असेल आणि म्हणेल, "कुठलीही दे, आधी चहाचं बघ."